खेळाडूवर गुन्हा दाखल झाला, आता मंडळानं काय करावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात खेळाची मंडळं गल्लोगल्ली आहेत. रेशीमबाग, महालातलं चिटणीस पार्क, धंतोलीचं यशवंत स्टेडियम, मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल, कुठंही संध्याकाळी गेलं की पन्नास-साठ पोरं घाम गाळताना दिसतात. मी अशाच एका कबड्डी मंडळाचा सचिव आहे, वकील नाही. पण आमच्या एका खेळाडूवर केस झाली, ती आम्ही निभावली (काही ठिकाणी चुकलोही), आणि तेव्हापासून बाकी मंडळांचे फोन येऊ लागले. "भाऊ, आपल्या पोट्ट्यावर गुन्हा दाखल झाला, आता काय करू?" प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. कलमांच्या बारकाव्यासाठी वकील लागेलच. हे पान वकील भेटेपर्यंतचं आणि त्याच्या कामाच्या पलीकडचं आहे.

रात्री पोलीस ठाण्यातून फोन आला. पहिलं काय करायचं?

जायचं. पण एकट्यानं नाही आणि पंचवीस जण घेऊनही नाही. दोन जबाबदार माणसं आणि खेळाडूच्या घरचं एक जण, एवढे पुरे.

आम्हाला फोन आला तो रात्री पाऊण वाजता. सामना संपल्यावर चहाच्या टपरीवर गाडी लावण्यावरून बाचाबाची झाली, ती हातघाईवर गेली आणि समोरच्या मुलाच्या मनगटाचं हाड मोडलं. मी पोचलो तेव्हा आमचा रेडर, म्हणजे चढाई करणारा खेळाडू, ठाण्यातल्या बाकावर बसला होता. अंगात मंडळाचीच जर्सी, एका पायातला नी-कॅप घोट्यापर्यंत घसरलेला, गुडघ्यावर मैदानाची माती तशीच. मोबाइल दोन्ही हातांत घट्ट धरलेला. मला पाहून म्हणाला, "सर, उद्याच्या मॅचचं काय होईल?" आपण कशात सापडलोय, याची त्याला कल्पनाच नव्हती. बहुतेक पोरांना नसते.

त्या वेळी माहीत असाव्यात अशा गोष्टी थोड्याच आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहेत, त्यामुळे जुने कलम क्रमांक डोक्यातून काढा. नुसती मारहाण असेल तर ती बहुधा अदखलपात्र, म्हणजे एनसी होते (पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत). हाड मोडलं की कायद्यानं ती गंभीर दुखापत ठरते आणि गुन्हा दखलपात्र होतो, म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात. आमच्याकडे तेच झालं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस अनेकदा अटक न करता हजर राहण्याची नोटीस देतात. ती मिळाली तर पोराला सांगा की तारीख चुकवायची नाही, चुकवली तर अटक होऊ शकते. अटक झालीच तर कारण सांगणं आणि घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढं हजरही करावं लागतं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. खेळाडू मुलगी असेल तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी तिला अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते.

मंडळाच्या माणसानं त्या रात्री एवढंच पाहावं : पोराच्या घरी खबर पोचली का, त्याला लागलं असेल तर वैद्यकीय तपासणी झाली का, आणि वकील ठरला का. जबाब कसा द्यायचा ते आपण शिकवायचं नाही.

ठाणेदार ओळखीचे आहेत. शब्द टाकून प्रकरण मिटवता येणार नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय आणि माझं उत्तर दर वेळी नाही असंच असतं. नगरसेवकाचा फोन, समोरच्याच्या घरी मिठाईचा डबा, "पोराचं करिअर आहे हो" अशी विनवणी, हे सगळं मंडळ करतं तेव्हा समोरच्या कुटुंबाला तो दबाव वाटतो. उद्या तेच साक्षीदाराला फूस लावण्याचा आरोप म्हणून उभं राहतं आणि पोराचा जामीन धोक्यात येतो. दोन्ही घरांना खरोखर तडजोड हवी असेल तर ती दोघांचे वकील कायद्याच्या चौकटीत करतील. लैंगिक गुन्ह्यात आणि लहान मुलांच्या प्रकरणात तर मिटवामिटवीची भाषासुद्धा तोंडात आणू नका.

जखमी मुलाला भेटायला जावंसं वाटतं, माणूस म्हणून ते साहजिकच आहे. आधी वकिलाला विचारा. आमच्या वकिलांनी थांबायला सांगितलं, आम्ही थांबलो.

गुन्हा दाखल झाला म्हणजे खेळाडू दोषी ठरला का? लगेच काढून टाकावं का?

नाही. एफआयआर म्हणजे तपासाची सुरुवात. दोष कोर्टात ठरतो.

पण "कोर्टाचा निकाल लागेपर्यंत आम्ही काहीच करणार नाही" हेही चालत नाही. इथं दोन गोष्टींची गल्लत होते. शिक्षा म्हणून निलंबन वेगळं आणि खबरदारी म्हणून थांबवून ठेवणं वेगळं. खबरदारी म्हणून थांबवताना आपण आरोप खरा-खोटा काहीच म्हणत नाही. पत्रात तसं स्पष्ट लिहायचं आणि किती दिवसांनी फेरविचार करणार, ती तारीखही घालायची. तारखेविना थांबवलेला पोरगा लोकांच्या नजरेत दोषीच ठरून जातो.

श्रीलंकेचा दनुष्का गुणतिलका नोव्हेंबर २०२२ मध्ये सिडनीत लैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली पकडला गेला. त्याच्या बोर्डानं त्याला लगेच सगळ्या क्रिकेटपासून थांबवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या कोर्टानं त्याला निर्दोष ठरवलं आणि ऑक्टोबरमध्ये बोर्डानं बंदी उठवली. आरोप गंभीर म्हणून थांबवलं, निकाल आला म्हणून परत घेतलं. मला हा क्रम पटतो.

मग कोणत्या प्रकरणात थांबवायचं आणि कोणत्यात खेळू द्यायचं?

कलमांची यादी करून हे ठरत नाही, आम्ही करून पाहिलं. आता आमच्या समितीपुढं चार प्रश्न असतात. तक्रारदार किंवा साक्षीदार आपल्याच संघात, मैदानावर, वसतिगृहात आहे का? या खेळाडूच्या सहवासात लहान मुलं येतात का? आरोपाचा खेळाशीच संबंध आहे का, म्हणजे पैसे घेऊन हरणं, वयाचे खोटे दाखले वगैरे? आणि जामिनाच्या अटी काय आहेत?

पहिल्या तिन्हींपैकी एकाचं जरी उत्तर "हो" असेल तर खबरदारी म्हणून थांबवा. चौथा प्रश्न लोक विसरतात. कोर्टाच्या परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही अशी अट असेल आणि तुम्ही पोराला अमरावतीच्या स्पर्धेला नेलंत, तर त्याच्या जामिनावर तुम्हीच पाणी सोडलंत. जामिनाच्या आदेशाची प्रत मॅनेजरच्या फाइलमध्ये हवी.

बोर्डानं आपल्या अखत्यारीपुरतंच पाहावं, याचं एक चांगलं उदाहरण २०१८ चं आहे. मोहम्मद शमीवर त्याच्या पत्नीनं मार्चमध्ये तक्रार केली. बीसीसीआयनं वार्षिक करार रोखून धरला आणि भ्रष्टाचारविरोधी पथकाकडून फक्त पैशाच्या, खेळाशी संबंधित आरोपाची चौकशी केली. त्यात काही निघालं नाही तेव्हा त्याच महिन्यात करार दिला. घरगुती आरोपांचा तपास पोलिसांकडे आणि कोर्टाकडेच राहिला.

आरोप आमच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूवर आहे आणि परवा फायनल आहे. आता?

मंडळाची खरी परीक्षा इथंच होते. राखीव खेळाडूवर केस झाली की शिस्त आठवते आणि मुख्य रेडरवर झाली की "निर्दोष मानायचं असतं" हे तत्त्व आठवतं. पोरं सगळं बघत असतात. बारा-तेरा वर्षांचा पोरगा मॅटच्या कडेला बसून शिकतो की पॉइंट आणले की काहीही चालतं.

आम्ही एक साधी रीत ठेवली आहे. समितीपुढं प्रकरण मांडताना खेळाडूचं नाव आणि जागा सांगायची नाही, फक्त घटना, कलमं आणि ते चार प्रश्न. छोट्या मंडळात नाव झाकून राहत नाही, सगळ्यांना माहीतच असतं. तरी कागदावर नाव नसलं की बोलणं बदलतं, हा माझा अनुभव आहे. आणि ज्याच्या हातात संघनिवड आहे तो प्रशिक्षक या समितीत नसावा. त्याच्यावर तो भार टाकणं अन्यायाचं आहे.

तक्रार करणारी मुलगी आमच्याच संघातली असेल तर?

तर आधी तिची सोय, मग बाकी सगळं. सरावाची वेळ बदलायची असेल तर आरोप असलेल्याची बदला, तिची नाही. "तू काही दिवस येऊ नकोस" हे वाक्य मी शहरातल्या एकाहून जास्त मंडळांत ऐकलंय आणि दर वेळी वाईट वाटलंय. तक्रार केली म्हणून मैदान सुटलं, असं एका मुलीचं झालं की पुढच्या दहा मुली तोंड उघडत नाहीत.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ऑफिसांपुरताच आहे असा समज आहे. तो चुकीचा आहे. कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेची जागासुद्धा येते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती सक्तीची आहे. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देते. चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची असते. समेट फक्त तिनं मागितला तरच, आणि पैशाच्या बदल्यात तर मुळीच नाही, हे कायद्यातच लिहिलंय. पोलिसांत जाण्याचा तिचा हक्क या सगळ्यानं कमी होत नाही.

ती अठराच्या आतली असेल तर आपल्याला पर्यायच उरत नाही. मुलगा असला तरी तेच. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याखाली, अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवायलाच हवं. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "आधी कार्यकारिणीची बैठक घेऊ, मग बघू" याला इथं जागा नाही. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे. हे दोन नंबर आम्ही कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर रंगवून घेतले.

आणि तिचं नाव, फोटो, शाळा, गल्ली, काहीही बाहेर जाता कामा नये. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

खेळाडूच अल्पवयीन असेल आणि आरोप त्याच्यावर असेल तर?

त्याचंही नाव गुप्त ठेवायचं. बाल न्याय कायदा २०१५ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाची, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाची, ओळख छापता किंवा पसरवता येत नाही. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं चालतं. तिथल्या निकालामुळं पुढं नोकरीबिकरीत अपात्रता येऊ नये, अशी तरतूदही आहे. सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालला तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे सगळ्यात नेहमीचं प्रकरण गाडीचं. पंधरा-सोळा वर्षांची पोरं बापाच्या मोटरसायकलवर सरावाला येतात आणि आपण कौतुकानं बघतो. अपघात झाला तर मोटार वाहन कायद्यात पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. आम्ही नियम केला : लायसन्स नाही, तर गाडी मैदानाच्या फाटकात येणार नाही. पालक चिडले, नंतर निवळले.

पत्रकारांना आणि व्हॉट्सअप ग्रुपवर काय सांगायचं?

आमची सगळ्यात मोठी चूक इथंच झाली आणि ती माझी होती. त्या रात्री ठाण्यातून बाहेर पडताना, पोरं घाबरू नयेत म्हणून मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं : "किरकोळ गैरसमज होता, मिटलं आहे, अफवा पसरवू नये." तेव्हा ना काही मिटलं होतं, ना ते किरकोळ होतं. हाड मोडलेल्या मुलाचा चुलतभाऊ त्याच ग्रुपमध्ये होता. सकाळी त्याच्या घरच्यांनी तो मेसेज वाचला. इकडं पोराच्या मनगटाला प्लास्टर आणि मंडळाचा सचिव म्हणतो किरकोळ. जे काही बोलणं शक्य होतं ते त्या दिवसापासून बंद झालं. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट पुढं त्यांच्या वकिलांनी आमच्या वकिलांना दाखवला.

आता आमच्याकडे तीनच वाक्यं ठरलेली आहेत आणि ती एकच माणूस बोलतो : "आमच्या एका खेळाडूसंबंधी पोलीस तपास सुरू आहे. मंडळ तपासाला सहकार्य करत आहे. दोन्ही बाजूंच्या हितासाठी याहून जास्त बोलणार नाही." ग्रुप त्या काळात फक्त अ‍ॅडमिनसाठी. पोरांना समोर बसवून सांगायचं की स्टेटस, रील, "वुई स्टँड विथ" असले फोटो, काहीही नको. त्यातून आपला मित्र वाचत नाही, उलट अडकतो.

मानधन थांबवावं का?

करारात तसं लिहिलं असेल तरच. इंग्लंडमध्ये मँचेस्टर सिटी या फुटबॉल क्लबनं आपला खेळाडू बेंजामिन मेंडीचा पगार २०२१ मध्ये गंभीर आरोपांनंतर थांबवला. २०२३ मध्ये तो सगळ्या आरोपांतून सुटला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या रोजगार न्यायाधिकरणानं सांगितलं की थांबवलेल्या पगारातला बराचसा भाग त्याला द्यावा लागेल. तिथला कायदा वेगळा, रकमा कोटींच्या. पण दरमहा पाच हजार रुपये भत्ता देणाऱ्या मंडळालाही यातून कळावं की कागदावर कलम नसेल तर रागाच्या भरात पैसे अडवू नयेत. पोराचं घर त्यावर चालत असेल तर नाहीच.

वकिलाची फी मंडळानं द्यावी का?

नाही, असं माझं मत. वर्गणीचा पैसा एका बाजूच्या बचावाला गेला की मंडळ त्या बाजूचं झालं. मात्र जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, ती वाट दाखवा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना तो मिळतो, ठरावीक उत्पन्नमर्यादेच्या आतल्या इतरांनाही. सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जाऊन चौकशी करा, सोबत घरच्यांना न्या.

कोर्टानं निर्दोष सोडलं, तर मंडळाची कारवाईही आपोआप संपते का?

आपोआप नाही. कोर्टाला संशयापलीकडचा पुरावा लागतो, मंडळाची शिस्त वेगळ्या मापानं मोजली जाते. क्रिकेटपटू एस. श्रीसंतला मे २०१३ मध्ये स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपात अटक झाली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टानं त्याला आरोपमुक्त केलं, तरी बीसीसीआयची आजीवन बंदी कायम राहिली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षेच्या मुदतीचा फेरविचार करायला लावला आणि बंदी सात वर्षांवर आली. म्हणजे संघटनेला शिक्षेचा अधिकार आहे, पण ती मनाला येईल तेवढी नसावी.

इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्सचं प्रकरण मला आमच्याशी जास्त जवळचं वाटतं, कारण तेही रस्त्यावरच्या हाणामारीचं. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टलला भांडण झालं, त्या हिवाळ्यातल्या अ‍ॅशेसला, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी मालिकेला, त्याला मुकावं लागलं. ऑगस्ट २०१८ मध्ये ज्युरीनं निर्दोष ठरवलं. तरी क्रिकेटच्या शिस्तपालन आयोगानं त्याला आठ सामन्यांची बंदी आणि ३०,००० पौंड दंड केला. बंदीचे सामने त्यानं आधीच बाहेर बसून भरले होते, ते धरले गेले. हे ध्यानात ठेवा : खबरदारी म्हणून थांबलेले दिवस अंतिम शिक्षेतून वजा करायचे.

आमच्या खेळाडूचीच फसवणूक झाली आहे. तेही याच पानात येतं का?

येतं, आणि याकडे फारसं कुणी बघत नाही. उमेश यादवसारख्या आपल्या विदर्भाच्या, भारताकडून खेळलेल्या गोलंदाजाची प्लॉटच्या व्यवहारात ४४ लाखांची फसवणूक झाल्याची तक्रार जानेवारी २०२३ मध्ये कोराडी पोलिसांत दाखल झाली. आरोप त्याच्या मित्रावरच होता. पहिल्यांदा हातात पैसा आलेला पोरगा आपल्याच माणसांच्या हाती सगळं सोपवतो. कोऱ्या कागदावर सही नाही, बँकेचं पासबुक आणि ओटीपी स्वतःजवळ, जमिनीचा व्यवहार वकिलाला दाखवूनच, एवढं दर हंगामात एकदा सांगा.

केसमुळं नोकरी आणि परदेश दौऱ्यावर परिणाम होतो का?

होतो. आपली कित्येक पोरं खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाकडे डोळे लावून बसलेली असतात. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात केस लपवली तर केसपेक्षा लपवणंच महागात पडतं. राज्य सरकारी नोकरीत असलेला खेळाडू अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिला तर निलंबित मानला जातो. फौजदारी खटला चालू असताना पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी लागते, म्हणून दौऱ्याचं पत्र आलं की त्याच दिवशी वकिलाला फोन.

आधीपासून काय तयारी ठेवावी?

दोन पानांचं धोरण, मराठीत, सभेत मंजूर केलेलं, प्रत्येक खेळाडूची आणि पालकाची सही घेतलेलं. खेळाडूनं गुन्हा दाखल झाल्याचं किती तासांत कळवायचं (आमच्याकडे ४८), समितीत कोण (पाच जण, त्यात दोन महिला आणि एक मंडळाबाहेरचा), थांबवल्यास फेरविचार किती दिवसांनी (साठ), खेळाडूला आपली बाजू मांडायची संधी कशी, कोण बोलणार. केस झाल्यावर धोरण लिहायला बसलात तर ते त्या एका पोरासाठीच किंवा त्याच्याविरुद्ध लिहिलं जातं.

खटला वर्षानुवर्षं चालला तर पोराला तेवढी वर्षं बसवून ठेवायचं का?

नाही. क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धूंचं पतियाळातल्या रस्त्यावरच्या हाणामारीचं प्रकरण डिसेंबर १९८८ चं आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल मे २०२२ चा. त्या दरम्यान त्यांची क्रिकेट कारकीर्द खेळून संपलीसुद्धा. कबड्डीपटूजवळ तर जेमतेम दहा-बारा वर्षं असतात. म्हणून दर साठ दिवसांनी तेच चार प्रश्न पुन्हा विचारायचे आणि उत्तरं बदलली असतील तर निर्णय बदलायचा.

आमच्या रेडरला आम्ही साठ दिवस थांबवलं. त्या फायनलला तो नव्हता, आम्ही नऊ गुणांनी हरलो. फेरविचारात त्याला परत घेतलं, कारण समोरचा मुलगा आमच्या मंडळाचा नव्हता, जामिनाला शहराबाहेर न जाण्याची अट नव्हती आणि या काळात तो एकदाही तारीख चुकला नव्हता. केस अजून सुरू आहे. कार्यालयातल्या कॅलेंडरवर सामने निळ्या पेननं लिहिलेले असतात आणि त्याच्या कोर्टाच्या तारखा लाल पेननं. गेल्या महिन्यात दोन्ही एकाच दिवशी आले. आयोजकांना विनंती करून आम्ही आमचा सामना दुपारी चारनंतर मागून घेतला. तो सिव्हिल लाइन्सहून थेट मैदानावर आला, पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून, आणि जर्सी बदलायला खोलीत गेला.